वाळूच्या सरबताचा गंज

मी एक जुना पितळी गंज आहे. लोखंडाला चढतो तो गंज वेगळा, त्याचं-माझं काही नातं नाही. आमच्या निलंग्याकडं मोठ्या, जाड बुडाच्या पातेल्याला गंज म्हणतात. माझ्या पोटात दोन घागरी पाणी आरामात मावतं. मला रिकामा उचलायलाही दोन्ही हात लागतात. हल्लीची स्टीलची भांडी एका बोटावर नाचवता येतात. नाचोत बापडी! माझ्यात जे सरबत शिजलं ते त्यांच्यात कधी शिजलं नाही आणि शिजणारही नाही. मित्रांनो, मी थोडा बढाईखोर आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण माझ्या कडेवर दोन बायकांची नावं कोरलेली आहेत. अशी भांडी तुम्ही किती पाहिली असतील? पहिलं नाव बहुतेक भांड्यांवर असतं तसंच आहे. दुसरं कसं आलं, ते ऐकलंत तर माझी बढाई तुम्ही माफ कराल.

माझा जन्म उदगीरच्या, ठोक्याची भांडी घडवणाऱ्या एका दुकानात झाला. साच्यातून भराभर बाहेर पडणाऱ्यांतला मी नव्हे. एका म्हाताऱ्या कारागिरानं आठ दिवस हातोडीनं ठोकून ठोकून मला घडवलं. बूड मुद्दाम जाड ठेवलं, म्हणजे पाक लागत नाही. मग अमृतराव नावाच्या एका गृहस्थांनी मला भाचीच्या लग्नासाठी विकत घेतलं. माझ्या कडेवर छिन्नीनं नाव घातलं गेलं : ‘चि. सौ. कां. शिवकांता हिस मामा अमृतराव यांजकडून, सन १९६१’. छिन्नीचे ठोके बसताना अंगात झिणझिण्या आल्या खऱ्या, पण नाव नसलेलं भांडं म्हणजे बेवारशी भांडं. त्या दिवसापासून मी शिवकांताबाईंचा झालो.

शिवकांताबाईंचे यजमान संगप्पा यांचं निलंग्याच्या एसटी स्टँडसमोर छोटंसं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर. तिथं लिंबाचं सरबत, ताक आणि गोळीचा सोडा मिळायचा. सोड्याच्या बाटलीतली काचेची गोळी संगप्पा अंगठ्यानं अशी दाबायचे की स्टँडवर झोपलेला माणूस जागा व्हावा. मी मागच्या घरात असायचो. साखरेचा पाक, लग्नाकार्यातली खीर, बसवजयंतीचं पन्हं, सगळं माझ्यातच व्हायचं. वर्षातून दोनदा चाँदपाशा कल्हईवाला यायचा. जमिनीत खड्डा करून तो भाता लावायचा, मला निखाऱ्यावर तापवायचा, नवसागर टाकून कथलाची कांडी फिरवायचा आणि चिंधीनं पोट पुसायचा. मग थंड पाण्यात बुडवला की चर्रर्र! आतून मी लख्ख पांढरा होऊन बाहेर पडायचो. मित्रांनो, पितळेच्या भांड्याला ही कल्हई म्हणजे नुसती हौस नव्हे. आंबट पदार्थ उघड्या पितळेला लागला तर तो कळकतो, म्हणजे विषारी होतो. हे त्या काळी घराघरात ठाऊक होतं. शिवकांताबाईंनाही ठाऊक होतं. तरीही जे घडायचं ते घडलं.

१९७२ साली पाऊस आलाच नाही. त्याच्या आधीच्या वर्षीही त्यानं हात आखडताच घेतला होता. विहिरी तळाला गेल्या, तेरणा नदीत नुसती वाळू उरली. माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. चाँदपाशाला कामच मिळेना, तेव्हा तो भाता गुंडाळून हैदराबादेकडं निघून गेला. जाताना म्हणाला, “पाऊस पडला की येतो, आक्का.”

पुढच्या वर्षीच्या चैत्रात एक दिवस भर दुपारी एक बाई डोक्यावर पाटी घेऊन दुकानाशी आली. तिचं नाव धुरपताबाई. नदीकाठच्या गावची. दर उन्हाळ्यात ती तेरणेच्या वाळूत खरबुजाची वाडी लावायची. वाळूत चर खणायचे, त्यात शेणखत घालायचं, बी टोकायचं आणि वाळूत खणलेल्या झिऱ्याचं पाणी तांब्यातांब्यानं घालायचं, असं ते काम. त्या वर्षी झिरा दोन पुरुष खोल खणावा लागला. फळं धरली ती मुठीएवढी. त्यातली बरीचशी उन्हानं तडकलेली. तडकलेलं फळ बाजारात कोण घेणार?

“काय गं, विकली न्हाईत का?” शिवकांताबाईंनी तिला पाणी देत विचारलं.

“न्हाई बगा आक्का. लोक वास घ्यायलेत आन फुडं जायलेत.” धुरपताबाईनं एक तडकलेलं खरबूज हातानंच फोडलं. आत हिरवट गर होता. “एवढं चाखून तर बगा. पानी कमी मिळालं का फळ बारकं ऱ्हातं, पर साखर हुतं.”

शिवकांताबाईंनी चाखलं आणि लगेच दुसरी फोड उचलली. मग धुरपताबाईनं त्यांना नदीतली रीत सांगितली. वाळूत काम करताना ती गर चुरगळून त्यात पाणी आणि मिठाची चिमूट घालायची आणि प्यायची. ऊन बाधत नाही, पोटाला गार पडतं. शिवकांताबाईंनी ऐकलं आणि लगेच मला चुलीवर चढवलं.

मित्रांनो, आता मी तुम्हाला ते सरबत कसं व्हायचं ते सांगतो. लक्ष देऊन ऐका, कारण हे सांगणारा दुसरा कुणी उरलेला नाही. खरबूज देठाशी हुंगायचं. तिथं वास आला तरच ते पिकलेलं. चिरून बिया काढायच्या, धुवायच्या आणि राखेत घोळून वाळवायच्या, कारण पुढच्या वर्षीचं बी त्यातूनच. गर हातानं कुस्करून ओल्या फडक्यातून गाळायचा. दोन वाट्या रसाला एक वाटी साखर. आच मंद, इतकी मंद की वाट पाहणाऱ्याचा जीव कंटाळावा. डाव सतत फिरता. पाक बोटाला चिकटून एक तार धरू लागला की मला खाली उतरवायचं, दोन लिंबं पिळायची, वेलदोडा टाकायचा. निवलं की त्याच दिवशी चिनी मातीच्या बरणीत भरायचं. देताना पेल्यात दोन बोटं पाक, वर मिठाची चिमूट, मग माठातलं गार पाणी आणि शेवटी संगप्पांचा सोडा. ढवळायचं नाही. खाली हिरवट पाक, मध्ये फिकट पाणी, वर पांढरा फेस. पिणाऱ्यानं पहिला घोट फेसाचा घ्यायचा आणि शेवटचा गोडाचा.

धुरपताबाईची रीत, शिवकांताबाईंचा पाक, संगप्पांचा सोडा आणि माझं बूड, या चौघांचं ते सरबत. लोकांनी त्याला नाव दिलं ‘वाळूचं सरबत’. तहसीलला कागद घेऊन आलेले, खडी फोडून आलेले, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, सगळे विचारू लागले, “वाळूचं हाय का?” तहानेनं सुकलेल्या गावात लोक माझ्यातलं सरबत पिऊन डोळे मिटायचे. मी आत चुलीशेजारी बसून त्यांची वाहवा ऐकायचो आणि माझी छाती फुगायची. धुरपताबाईची तडकलेली फळं आता रोज पाटी भरून येत होती.

मग बसवजयंती आली. दुष्काळ असला तरी मिरवणूक निघायची होती आणि मिरवणुकीतल्या सगळ्यांना आपल्याकडचं सरबत द्यायचं, असं संगप्पांनी जाहीर करून टाकलं. साखर रेशनवर होती. घराघरातून वाटी-वाटी साखर गोळा झाली. मी काठोकाठ भरलो. आदल्या संध्याकाळी पाक उतरला, लिंबं पिळली गेली, आणि मग लक्षात आलं की घरातल्या बरण्या आधीच भरलेल्या आहेत.

“ऱ्हाऊ दे गंजातच,” संगप्पा म्हणाले. “सकाळीच तर वाटायचंय.”

शिवकांताबाई क्षणभर थांबल्या. वर्षभर कल्हई झालेली नव्हती. पण आत डोकावून बघावं तर मी भरलेला. बूड दिसणार कसं? त्यांनी वर झाकण ठेवलं.

माझ्या बुडाची कल्हई कधीच उडाली होती, मित्रांनो. मला ते माहीत होतं. लिंबू माझ्या उघड्या पितळेला चावत होतं आणि मला ओरडता येत नव्हतं. सकाळी झाकण काढलं तर सरबताचा हिरवा रंग नेहमीपेक्षा जास्त खुललेला. “वा! औंदा रंग लई भारी आला,” असं म्हणून सगळे खूश झाले. तो रंग खरबुजाचा नव्हता. माझा होता.

दुपारपर्यंत मिरवणुकीतली तीस-चाळीस माणसं ओकू लागली. कुणाच्या जिवावर बेतलं नाही, पण पोरं पिवळी पडली, म्हातारी माणसं आडवी झाली. तो बाजाराचा दिवस होता आणि बाजार आमच्या दारापर्यंत भरायचा. लोक दुकानाशी जमले. धुरपताबाई तिथंच पाटी घेऊन बसलेली होती. कुणीतरी म्हणालं, “नदीतल्या घाण पान्यावरची फळं, दुसरं काय व्हनार?” आणि शिवकांताबाई, घाबरलेल्या, रडवेल्या, भर बाजारात बोलून गेल्या, “फळंच नासकी व्हती हिची! मी तर रोजच्यावानीच केलं.”

धुरपताबाई उठली. तिनं पाटी डोक्यावर घेतली. “माजी फळं आजवर कुनाला लागली न्हाईत, आक्का,” एवढंच म्हणाली आणि निघून गेली. त्या दिवसानंतर निलंग्यात तिचं एकही फळ कुणी विकत घेतलं नाही. नवऱ्यामागं एकटीनं घर चालवणारी ती बाई वाडी सोडून खडी फोडायला गेली. मी घासून-पुसून फळीवर पालथा घातला गेलो. माझ्या आत कुणी नीट वाकून पाहिलं नाही की मला बोल लावला नाही. दोष माझ्या बुडाचा आणि शिक्षा तिला, याची मला अजूनही लाज वाटते.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि दसऱ्याच्या सुमाराला चाँदपाशा परत आला. त्यानं मला उलटून आत बोट फिरवलं आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

“आक्का, यात खट्टं ठिवलं व्हतं का?”

शिवकांताबाई जवळ येऊन माझ्यात वाकल्या.

“बुडाची कलई पुरी उडालीय. असल्या भांड्यात खट्टं म्हंजी जहर की ओ!”

चाँदपाशा भाता लावायला लागला, तशा शिवकांताबाई म्हणाल्या, “थांब पाशा. आज कलई नको. आधी एकीला दाखवायचंय.”

संगप्पांनी खूप समजावलं. “झालं गेलं. कशाला उकरून काढायलीस? दुकानाचं नाव जाईल.” पण त्या ऐकेनात. मला फडक्यात बांधून त्यांनी एसटी पकडली आणि नदीकाठच्या गावी धुरपताबाईच्या दारात मला उघडा केला. “फळं चांगली व्हती गं. ह्याच्यामुळं झालं. माझ्यामुळं झालं. माफ कर.”

धुरपताबाईनं माझ्यात वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिला राग आलेला नव्हता, पण तिनं मान हलवली. “आक्का, तुमी माज्या दारात येऊन सांगायलात. बोल तर मला बाजारात लागला व्हता.”

शिवकांताबाईंनी मला पुन्हा फडक्यात बांधलं. आम्ही परत आलो. मला कल्हई झाली, पण वाळूचं सरबत पुन्हा झालं नाही. दुसऱ्या कुणाची फळं शिवकांताबाईंनी आणली नाहीत. बाजारात उभं राहून बोलण्याचा धीर त्यांना होत नव्हता आणि संगप्पा तर तो विषयच काढू देत नव्हते. धुरपताबाईनं पुन्हा वाडी लावली, पण फळं विकायला ती लांब औरादला जायची. अशी नऊ वर्षं गेली. घरात स्टीलची भांडी आली. मी माळ्यावर गेलो आणि माझ्यात जुने कपडे भरले गेले. ज्याच्या पोटात वाळूचं सरबत शिजलं, त्याच्या पोटात फाटकी धोतरं! हा अपमान मी गिळला, कारण तो मला शोभतच होता.

१९८२ च्या उन्हाळ्यात गावात एकच बोलणं सुरू झालं. लातूर वेगळा जिल्हा होणार! तोवर आमचा जिल्हा उस्मानाबाद होता. एका कागदासाठी पहाटेची गाडी पकडायची, गाड्या बदलायच्या आणि साहेब नाहीत म्हणून परत यायचं. आता लातूर म्हणजे हाकेच्या अंतरावर. पंधरा ऑगस्टला स्टँडवरून सजवलेल्या गाड्या लातूरला निघणार होत्या आणि त्याआधी सगळ्या गावाला काहीतरी गोड द्यायचं ठरलं. एक जुना कंडक्टर संगप्पांना म्हणाला, “मालक, ते वाळूचं सरबत व्हतं बगा. तसली चव पुन्हा न्हाई मिळाली.”

संगप्पा घरी आले आणि म्हणाले, “करायचं का गं? फळं आत्ता हायत. पाक करून ठिवला तर पंधरा ऑगस्टला पुरंल.”

“फळं धुरपताचीच पायजेत,” शिवकांताबाई म्हणाल्या. “आन त्याआधी मला बाजारात बोलावं लागंल.”

तिसऱ्या दिवशी बाजार होता. सकाळी संगप्पा स्वतः माळ्यावर चढले, माझ्यातले कपडे खाली ओतले आणि मला खांद्यावर घेतलं. “चल,” एवढंच म्हणाले. धुरपताबाईला निरोप गेलेलाच होता : फळं आणू नको, नुसती ये.

बाजारात भांड्यांवर नावं घालणारा ग्यानोबा बसायचा. संगप्पांनी मला त्याच्यापुढं ठेवलं. ग्यानोबानं छिन्नी उचलली आणि रीतीप्रमाणं विचारलं, “भेट कुनाकडून लिहू?”

“भेट न्हाई,” शिवकांताबाई म्हणाल्या. “लिवा, सरबत धुरपताबाईचे.”

लोक जमू लागले. कुणीतरी हसलं. भांडं हिचं आणि नाव तिचं, असं कुठं असतं? ग्यानोबानं ठोकायला सुरुवात केली. शिवकांताबाई बोलू लागल्या, पण छिन्नीच्या ठोक्यांत त्यांचा आवाज बुडत होता.

“मोठ्यानं बोला बाई,” ग्यानोबा मान वर न करता म्हणाला. “ठोक्यात ऐकू येईना.”

मग त्या मोठ्यानं बोलल्या. सगळ्या बाजाराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. “बसवजयंतीला तुमी आजारी पडलात ते धुरपताबाईच्या फळांनी न्हाई. माझ्या गंजाला कलई नव्हती. मी आंबट त्यात ठिवलं. फळं चांगली व्हती. सरबताची रीतबी तिचीच व्हती. मी तिच्यावर खोटा आळ घेतला.”

संगप्पा त्यांच्या शेजारी उभे होते. मान खाली होती, पण हलले नाहीत. “गंजात ठिव म्हनून मीच म्हनलो व्हतो,” ते म्हणाले.

गर्दीच्या मागं हाताची घडी घालून उभी असलेली धुरपताबाई पुढं आली. माझ्याशेजारी बसली. ताज्या अक्षरांवरून तिनं बोट फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं.

“काय लिवलंय?”

“सरबत धुरपताबाईचे,” ग्यानोबानं वाचलं.

“आजून एक डाव वाचा.”

त्यानं पुन्हा वाचलं. धुरपताबाईचे डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत होता. “जरा खोल घाला. घासून जाईल न्हाईतर.”

ग्यानोबानं सगळी अक्षरं पुन्हा एकदा ठोकली. मला दुखलं का? दुखलं. पण मित्रांनो, तेवढं सुख मला कुठल्याच ठोक्यानं दिलेलं नाही. उठताना धुरपताबाई शिवकांताबाईंना म्हणाली, “परवा फळं घेऊन येते, आक्का. तवर कलई करून ठिवा.”

पंधरा ऑगस्टला स्टँडवर झेंडा लागला, गाड्यांना केळीचे खुंट बांधले गेले. बरण्यांतला पाक आणि गार पाणी माझ्यात कालवून मला बाहेर, सगळ्यांसमोर, टेबलावर मांडलं होतं. संगप्पा एकामागून एक सोडे फोडत होते. आणि डाव होता धुरपताबाईच्या हातात. पहिला पेला तिनं शिवकांताबाईंना दिला, दुसरा आपण घेतला, मग बाकीच्या गावाला. नव्या जिल्ह्याचा पहिला घोट निलंग्यानं माझ्यातून घेतला. बढाई वाटत असेल तर वाटू द्या.

आता शिवकांताबाई नाहीत, संगप्पा नाहीत, धुरपताबाईही नाही. शिवकांताबाईंची नातसून रुद्राणी कधीतरी मला चिंचेनं घासते. कल्हईवाले फार फिरत नाहीत आणि माझं बूड पुन्हा उघडं पडलं आहे. मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं एखादं पितळी भांडं असेल तर ते मोडीत घालू नका. त्याला कल्हई करा आणि करेपर्यंत त्यात आंबट ठेवू नका. आणि कुणाच्या फळाला नासकं म्हणण्याआधी आपल्या भांड्याचं बूड एकदा वाकून पाहा. चूक झालीच, तर जिथं बोललात तिथंच जाऊन ती कबूल करा.

परवा घासता घासता रुद्राणी थांबली. इतक्या वर्षांत माझ्यावरचं पहिलं नाव झिजून पार पुसट झालं आहे. ‘शिवकांता’ आता वाचताच येत नाही. पण त्याखालची ओळ तिनं उन्हात धरून सहज वाचली, अगदी मोठ्यानं : “सरबत धुरपताबाईचे.”